शेगडीवरच्या बरगड्या

शाळेच्या वार्षिकांत माजी विद्यार्थ्यांनीं आपल्या आठवणी लिहाव्या, अशी जुनी वहिवाट आहे. बहुतेक जण गुरुजनांविषयीं, क्रीडांगणाविषयीं किंवा परीक्षेच्या आदल्या रात्रीविषयीं लिहितात. मी स्वयंपाकाविषयीं लिहिणार आहें. आणि तोही अशा पदार्थाविषयीं कीं, ज्याचें नांव वाचतांच आपल्यापैकीं कित्येक वाचक पान उलटतील. त्यांनीं तें खुशाल उलटावें. ज्याला जें खावयाचें नाहीं त्याला त्याची आगाऊ सूचना मिळाली पाहिजे, हा आमच्या आजीचा दंडक होता, व ह्या लेखापुरता तरी तो मोडण्याची माझी इच्छा नाहीं. तर, पदार्थ आहे डुकराच्या बरगड्या: रात्रभर शिरक्यांत मुरविलेल्या, चार तास मंद निखाऱ्यांवर भाजलेल्या आणि शेवटीं गुळाच्या आंबटगोड लेपानें रंगविलेल्या.

आमचें घर नाशिकास शरणपुराच्या बाजूस होतें. शरणपूर हें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीनें वसविलेलें ख्रिस्ती लोकांचें गांव. आतां तें शहरांत इतकें मिसळून गेलें आहे कीं, नव्या माणसास 'शरणपूर रोड' हें केवळ एका रहदारीच्या रस्त्याचें नांव वाटतें. आजोबांचें घराणें तेथील जुन्या प्रॉटेस्टंट कुटुंबांपैकीं. आजी मात्र वसईकडची, रोमन कॅथलिक. दोन्ही घरें ख्रिस्ती, दोन्ही घरांत मराठीच बोलली जाई. तरीही आमच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर दोन निराळे मुलूख एकमेकांस भेटत असत.

वसईचा मुलूख १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ सालीं चिमाजीआप्पांनीं तो जिंकून घेईपर्यंत दोनशें वर्षें त्यांच्याच अंमलाखालीं राहिला. किल्ला गेला, परंतु चुलीपाशीं कांहीं गोष्टी मागें राहिल्या. वाईन व लसूण ह्यांत मांस मुरवून ठेवण्याची एक पोर्तुगीज रीत आहे. तिच्याच नांवावरून 'विंदालू' हा शब्द झाला. त्यांतील 'आलू'चा बटाट्याशीं कांहीं एक संबंध नाहीं. एखाद्या उपाहारगृहांत विंदालूंत बटाटे तरंगतांना दिसले म्हणजे आजी त्या वाडग्याकडे अशी पाही कीं, जणूं कोणी तिच्या माहेरचें आडनांवच चुकीचें लिहिलें आहे. आपल्याकडे वाईन सहज मिळण्यासारखी नव्हती, म्हणून तिची जागा ताडी-माडीच्या शिरक्यानें घेतली. मिरची तर पोर्तुगीजांच्या गलबतांतूनच आली. तत्पूर्वीं आपला तिखटपणा मिऱ्यांच्या व आल्याच्या जोरावर चाले. ह्या सर्वांवर कळस म्हणजे बाटली मसाला. मे महिन्याच्या उन्हांत वीस-पंचवीस जिन्नस वाळवावयाचे, एकेक निरनिराळा भाजावयाचा, कांडावयाचा, आणि पावसाळ्यापूर्वीं बीअरच्या रिकाम्या गडद बाटल्यांत ठासून भरावयाचा. आजीच्या माहेराहून दरवर्षीं अशा दोन बाटल्या येत, व त्या आमच्या फडताळांत वर्षभर औषधासारख्या जपल्या जात.

शरणपुराकडे ही परंपरा नव्हती. पुष्कळ मराठी ख्रिस्ती घराण्यांत बाप्तिस्म्यापूर्वीं जें खाल्लें जात नसे तें बाप्तिस्म्यानंतरही खाल्लें गेलें नाहीं. ह्यांत नवल कांहीं नाहीं. १९३६ सालीं ह्याच नाशिकांत वारलेल्या लक्ष्मीबाई टिळक ह्यांचें 'स्मृतिचित्रें' हें पुस्तक ज्यांनीं वाचलें आहे त्यांना ठाऊक आहे कीं, टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्याकडे पुन्हां राहावयास आलेल्या लक्ष्मीबाईंनीं कित्येक दिवस आपलें सोवळें निराळें सांभाळलें होतें. जिभेचे संस्कार मनाच्या मागून बदलतात. कधीं मुळींच बदलत नाहींत. आमच्या पणजीचे बदलले नाहींत.

आजी लग्न होऊन आली त्या वर्षीं नाताळाच्या सुमारास तिला माहेरच्या बरगड्यांची फार आठवण झाली. तिनें सासूबाईंस विचारलें नाहीं. भेटीस आलेल्या भावाकडून देवळालीच्या छावणीच्या बाजूनें गुपचूप मांस आणविलें, आणि घरांतील सर्व मंडळी प्रार्थनेस गेल्यावर परसांत विटा मांडून तें भाजावयास घेतलें. मंडळी परत येण्यापूर्वीं सर्व आटोपेल, असा तिचा अंदाज. परंतु बरगड्या म्हणजे अंड्याचें पोळें नव्हे. दीड तासानें मंडळी परत आली तेव्हां बरगड्या अर्ध्याही झाल्या नव्हत्या, आणि वास मात्र फाटकापर्यंत त्यांना सामोरा गेला होता. पणजी सरळ परसांत आली. आजी सांगत असे कीं, त्या क्षणीं भूमि दुभंगली असती तर ती विटांसकट आंत गेली असती. पणजी म्हणाली, "सूनबाई, तुला खावयाचें असेल तर खा. मी खाणार नाहीं. पण माझ्या घरांत चोरून विस्तव पेटवूं नकोस. शेजारीं विचारतील तेव्हां मी काय सांगूं?"

पुढच्या नाताळांत ह्याच पणजीनें सुनेला एक शेगडी करवून दिली. नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेलें, आणि तांबट आळी आमच्या घरापासून फारशी दूर नव्हती. परंतु हें काम लोखंडाचें, म्हणून लोहाराकडे मापें देऊन ती घडविली. दोन हात लांब, एक हात रुंद, बुटकी, वर सळयांची जाळी व एका बाजूस राख काढण्याचें दार. पणजीनें स्वतः त्या शेगडीवरचा एक घांसही कधीं खाल्ला नाहीं.

तेव्हांपासून आजीनें नेम घालून घेतला. शेगडी पेटवावयाची असली म्हणजे आदल्या दिवशीं ती स्वतः दोन्ही शेजारघरीं जाऊन सांगे. डाव्या हातास एक माळकरी कुटुंब राहत असे. आजी दारांतूनच म्हणे, "वहिनी, उद्यां दुपारीं आमच्याकडे शेगडी आहे हो. वारा तुमच्या अंगास असला तर ती खिडकी लावून घ्या." वहिनी भिंतीवरचें पंचांग पाहून म्हणत, "उद्यां नको बाई, एकादशी आहे, परवां करा." आणि आजी परवां करी. पौषांत त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्या दिवसांत वहिनींकडे दिंडीचे वारकरी उतरत, म्हणून आमची शेगडी माळ्यावरून खालीं येतच नसे. इकडे आजीचे स्वतःचे निर्बंध निराळेच. शुक्रवारीं मांस नाहीं, आणि ईस्टरपूर्वींच्या उपासाच्या चाळीस दिवसांत तर शेगडीचें नांवही नाहीं. दोन धर्मांचीं पंचांगें व नाशिकचा पाऊस ह्या तिहींच्या चाळणींतून जे दिवस उरत ते बोटांवर मोजण्याइतके असत. म्हणूनच कीं काय, त्या बरगड्यांची चव आमच्या तोंडांत वर्षभर राही.

लेपाची कृति मात्र वसईची नव्हे. अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ सालापासून चालत आलेलें. त्या बाजूच्या एक अमेरिकन बाई एकदां सुट्टींत आमच्याकडे उतरल्या होत्या. आजीच्या बरगड्या खाऊन त्यांना आपल्या आईच्या हातच्या बरगड्या आठवल्या व त्यांनीं एका कार्डावर ती जुनी घरगुती कृति लिहून दिली: टोमॅटोचें केचप, तपकिरी साखर, शिरका, मोहरी, कांदा आणि वूस्टरशायर सॉस एकत्र उकळून तें बरगड्यांवर ओतावयाचें व भट्टींत भाजावयाचें. ह्याला त्या 'बार्बेक्यू' म्हणत. हा शब्दही मोठा प्रवासी आहे. कॅरिबियन बेटांतील टाइनो लोक विस्तवावर उंच काठ्यांची मांडणी करून तींवर मांस-मासे भाजीत. तिचें नांव स्पॅनिश लोकांनीं 'बार्बाकोआ' असें उचललें, आणि तेथून तो शब्द इंग्रजींत शिरला. पुढें अमेरिकेच्या दक्षिण भागांत ही विद्या वाढली ती मुख्यतः गुलामगिरींत राबणाऱ्या आफ्रिकन लोकांच्या हातांनीं. रात्रभर खड्ड्यापाशीं बसून विस्तव राखण्याचें काम त्यांचें. पंगतींत पहिला मान मात्र मालकांचा.

आजीपाशीं भट्टी नव्हती, केचप नव्हतें, तपकिरी साखरही नव्हती. तिनें तें कार्ड एकदां वाचवून घेतलें आणि म्हणाली, "हें सगळें आपल्याकडे आहे, नांवें तेवढीं निराळीं आहेत." केचपाऐवजीं अर्धा किलो पिकलेलीं टोमॅटो शिजवून, गाळून, आटवून घेतलीं. साखरेऐवजीं पाऊण वाटी गूळ. मोहरी घरचीच, शिरक्यांत वाटलेली. वूस्टरशायर सॉसची बाटली त्या बाईंपाशीं होती, आजीनें त्यांतला एक थेंब जिभेवर ठेवून डोळे मिटले व थोड्या वेळानें म्हणाली, "चिंच आहे. आणि कसली तरी वाळवलेली मासळी." बाई हंसल्या, परंतु त्या सॉसांत चिंच व मुरविलेली अँकोव्ही नांवाची बारीक मासळी खरोखरच असते. तेव्हांपासून आमच्या लेपांत चिंचेचा कोळ व चिमूटभर भाजलेल्या सुकटीची पूड पडूं लागली. वर दोन चमचे बाटली मसाला. हें कार्डावर नव्हतें, आणि ह्याच्याविषयीं आजीनें कोणाचा सल्लाही घेतला नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति. बरगड्यांचे दोन अखंड फासे घ्यावे, दोन किलोंच्या आंतबाहेर. हाडांच्या बाजूस एक चिवट पापुद्रा असतो. एका टोकाशीं बोथट सुरी सारून तो सुटा करावा आणि कोरड्या फडक्यांत धरून एका ओढीनें काढावा. हा राहिला तर मीठमसाला आंत शिरत नाहीं, व खातांना दांतांखालीं कातडें आल्यासारखें होतें. मग मीठ, ठेचलेली लसूण, आलें, मिरीं व अर्धी वाटी शिरका चोळून रात्रभर गारव्यास ठेवावें. धातूच्या भांड्यांत नव्हे, कारण शिरका धातूस चाटतो. आजी चिनी मातीची बरणी वापरी. मांस घेतांना आजी फार चोखंदळ असे. डुकरें पाळलेलीं कोठचीं, त्यांना खाणें काय, हें माहीत असलेल्या माणसाकडूनच ती घेई. ही केवळ किळस नव्हे. उकिरड्यावर वाढलेल्या डुकराच्या मांसांत पट्टकृमीच्या अळ्या असूं शकतात, आणि तें अर्धकच्चें खाल्ल्यास ते कृमि माणसाच्या आंतड्यांत वाढतात. म्हणून ह्या मांसाच्या बाबतींत 'थोडें कच्चें बरें लागतें' हा शहाणपणा कोणी सांगूं लागल्यास त्याच्या ताटापासून दूर बसावें.

खरी गोष्ट आहे ती विस्तवाची. बाभळीचे कोळसे पेटवून ज्वाळा पूर्ण विझूं द्याव्या. निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरली म्हणजे ते शेगडीच्या एका बाजूस सारावे आणि बरगड्या दुसऱ्या बाजूस ठेवाव्या, म्हणजे चरबीचे थेंब विस्तवांत पडून भडका उडत नाहीं. वर पत्र्याचें झाकण. दर अर्ध्या तासानें मूठभर नवे कोळसे. ते बाजूस पेटवूनच आंत घालावे. घाई करून निखारे मांसाखालीं ओढले कीं सर्व बिघडतें: बाहेरून करपतें, आंतून चामड्यासारखें राहतें. ह्याचें कारण असें कीं, बरगड्यांच्या मांसांत संयोजक तंतूंचें जाळें फार. त्यांतील कोलॅजेन नांवाचें द्रव्य विरघळून त्याचें मऊ जिलेटिन व्हावयास मांस नुसतें शिजून भागत नाहीं. तें पुष्कळ वेळ तापलेलें राहावें लागतें, आणि आंतील उष्णता नव्वद अंश सेल्सिअसच्या जवळपास पोहोंचावी लागते. आजीला अंश ठाऊक नव्हते. हाडांच्या टोकांवरून मांस बोटभर मागें सरकलें, आणि मधलें एक हाड चिमटींत धरून पिळतांच तें सुटून फिरूं लागलें, म्हणजे झालें. लेप लावावयाचा तो शेवटच्या अर्ध्या तासांत, तीन हातांनीं, पातळ पातळ. आधीं लावला तर गूळ जळून कडू होतो. एका वर्षीं आईनें उत्साहानें पहिल्या तासांतच लेप लावला. त्या नाताळांत आम्हीं कोळसे खाल्ले, व आजोबांनीं सौजन्यानें दुसऱ्यांदा मागून घेतले.

दुसरी एक फजिती वडिलांची. नाशिकास द्राक्षबागांची छाटणी वर्षांतून दोनदां होते, एप्रिलांत व ऑक्टोबरांत, आणि बांधांवर काड्यांचे ढीग पडतात. फ्रान्सांत द्राक्षाच्या काड्यांवर मांस भाजतात असें वडिलांनीं कोठें तरी वाचलें, आणि एका रविवारीं ते सायकलीवर एक भारा बांधून घेऊन आले. आजीनें एक काडी हातांत घेऊन उन्हांत धरली. सालीवर निळसर डाग होते. बागेवर बुरशीसाठीं मोरचूद व चुन्याचें मिश्रण फवारतात, त्याचे ते डाग. "हें खावयाचें आहे, औषध द्यावयाचें नाहीं," असें म्हणून तिनें तो भारा न्हाणीच्या बंबाकडेही जाऊं दिला नाहीं. वडिलांनीं फ्रान्सचा पुन्हां उल्लेख केला नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास बसलों ती सांगतों. मी तेव्हां इंग्रजी दुसरींत होतों, म्हणजे आतांच्या हिशोबानें सहावींत. आदल्या दिवशीं शेगडी झाली होती, आणि उरलेलें मांस हाडांवरून सोडवून आईनें पोळींत गुंडाळून डब्यांत दिलें होतें. वर्गांत एक-दोघांनीं पूर्वीं मला ह्याच खाण्यावरून चिडविलें होतें, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून डबा उघडीत असें. माझ्याच बाकावर बसणारा माझा जिवलग मित्र त्या दिवशीं डबा विसरला होता. त्याच्या घरीं बोकडाचें मांस चालत असे; डुकराचें वर्ज्य होतें. हें मला पक्कें ठाऊक होतें. त्यानें विचारलें, "काय आणलें आहेस?" मी म्हणालों, "मटण." त्यानें पुन्हां विचारलें, "बोकडाचें ना?" मी म्हणालों, "हो." त्यानें एक पोळी खाल्ली, दुसरीही खाल्ली, आणि बोटें चाटीत म्हणाला, "तुझ्या आजीच्या हाताला चव आहे."

संध्याकाळीं आजी परसांत बसून राखेनें जाळी घासत होती. तिचें कौतुक तिला सांगावें म्हणून मीं मोठ्या अभिमानानें सर्व हकीकत सांगितली. तिचा हात थांबला. "त्याला सांगितलेंस ना, कशाचें आहे तें?" मी गप्प. "त्यानें विचारलें होतें?" मी मान हलविली. ती थोडा वेळ कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, "त्यानें न विचारतां खाल्लें असतें तर ती चूक झाली असती. त्यानें विचारलें होतें." तिनें मला मारलें नाहीं कीं रागें भरली नाहीं. शेगडी धुतली, पुसली, आणि वडिलांना हांक मारून माळ्यावर ठेवावयास लाविली. "तूं त्याला सांगितल्याशिवाय ही खालीं येणार नाहीं," इतकेंच बोलली.

मीं वाद घातला. त्याला कळलें नाहीं, कळणारही नाहीं. सांगितल्यानें उगीच त्याला दुःख होईल. मग न सांगणें हीच दया नव्हे काय? अकरा वर्षांच्या मुलाच्या मानानें युक्तिवाद वाईट नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर आजही मला तो पूर्णपणें खोडतां येत नाहीं. आजी म्हणाली, "दुखेल तर दुखेल. दुखणें त्याचें आहे. तें त्याच्यापासून लपवून ठेवणारा तूं कोण?"

सांगावयास मला अकरा दिवस लागले. रोज घरून ठरवून निघावें, आणि घंटा होईपर्यंत तोंड उघडूं नये. बाराव्या दिवशीं मधल्या सुट्टींत पाण्याच्या नळापाशीं आम्हीं दोघेच होतों, तेव्हां सांगून टाकलें. त्याला प्रथम समजलेंच नाहीं. समजलें तेव्हां त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानें नळ सोडला आणि तोंड धुवावयास सुरुवात केली. बारा दिवसांपूर्वीं खाल्लेल्या घांसासाठीं तो चुळा भरीत होता, एकामागून एक, आणि मी बाजूस उभा राहून पाहत होतों. शेवटीं तो म्हणाला, "कोणाला सांगूं नकोस," व वर्गांत निघून गेला. दुसऱ्या दिवशीं त्यानें गुरुजींस विनंति करून बाक बदलून घेतला.

घरीं येऊन मीं आजीस सांगितलें. तिनें शेगडी खालीं काढविली. परंतु त्या दिवसांत मला तिच्याकडे पाहवत नसे. दिवाळीची सुट्टी आली व गेली. तो माझ्याशीं बोलत नव्हता. त्यानें घरीं सांगितलें कीं नाहीं, हें मला तेव्हां कळलें नाहीं, आणि मीं त्याला कधीं विचारलेंही नाहीं.

नाताळाच्या संध्याकाळीं आमच्याकडे शेजारपाजारची मंडळी फराळास येत. ताटांत करंज्या, शंकरपाळे, केक. माळकरी वहिनीही येत, व त्यांच्यासाठीं अंडें न घातलेलें सर्व निराळ्या डब्यांत असे. परसांत शेगडी चालू होती. आजी तिच्यापाशीं पंखा घेऊन बसली होती, मी कोळसे पुरवीत होतों. फाटक वाजलें म्हणून पाहतों तों तो उभा. आंत आला, माझ्याकडे न पाहतां आजीपाशीं गेला, आणि म्हणाला, "आजी, आज काय आहे?"

आजी उठली. हात धुतले, पदरास पुसले, आणि एखाद्या मोठ्या माणसास सांगावें तसें त्याला सांगितलें: "ह्या शेगडीवर डुकराच्या बरगड्या आहेत. त्या तुझ्या नव्हेत. आंत चुलीवर त्या पितळी पातेल्यांत बटाट्याचा रस्सा आहे, तो तुझा. पातेलें निराळें, डाव निराळा. डावाला लाल दोरा बांधला आहे तो बघ. ह्या हातांनीं मीं तिकडे लावलेलें नाहीं. रस्सा सुनेनें केला आहे." त्यानें आंत जाऊन दोरा पाहिला. मग तो जेवावयास बसला, आणि मला म्हणाला, "तूं उभा कां?"

तो लाल दोरा नाताळापूर्वीं कित्येक दिवस बांधलेला होता, हें मला आईनें मागाहून सांगितलें.

आजी जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. परस गेलें, वाडीवजा घर गेलें, त्या जागीं मजले उभे राहिले. शेगडी मात्र माझ्याकडे आहे. जाळीच्या सळया दोनदां बदलल्या, बाकी लोखंड पणजीच्या वेळचेंच. आमच्या इमारतीच्या गच्चीवर ती पेटते. आदल्या दिवशीं मी तिन्ही मजल्यांवर जाऊन सांगून येतों. हें काम आजीच्या काळापेक्षां अवघड झालें आहे, कारण दारें बंद असतात, आणि घंटा वाजविल्यावर उघडणारा माणूस प्रथम असें समजतो कीं, मी वर्गणी मागावयास आलों आहें. गेल्या नाताळांत दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडकरूंनीं सर्व ऐकून घेतलें व विचारलें, "किती वेळ चालेल?" मी म्हणालों, "चार तास." त्यांनीं बाल्कनींतले वाळत घातलेले कपडे आंत घेतले आणि दार लावलें. तासाभरानें त्यांचा लहान मुलगा गच्चीवर येऊन, जिन्याच्या दारांत उभा राहून, शेगडीकडे पाहत राहिला. त्याला मीं आंत बोलाविलें नाहीं. आईला विचारून ये, म्हणून सांगितलें. तो गेला तो परत आला नाहीं.

संध्याकाळीं गूळ रंगावर आला असतां जिन्यावरून ओळखीचीं, अलीकडे जरा दमलेलीं पावलें वाजलीं, आणि वर पोहोंचण्यापूर्वींच नेहमींचा प्रश्न आला, "आज काय आहे?" मीं सांगितलें. तो डाव घेऊन, दोरा पाहून, वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूस आपली खुर्ची ओढून बसला.